संकटकाळातला सरकारी पगार आणि भत्ते: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२०२० च्या टाळेबंदीत सरकारी पगाराबद्दल सुरू झालेले प्रश्न अजून थांबलेले नाहीत. लेखा शाखेत पगारपत्रकं तयार करण्यात आणि तपासण्यात माझी बरीच वर्षं गेली, म्हणून ते माझ्याकडे येतात. निम्मे प्रश्न कर्मचाऱ्यांचे आणि निवृत्तांचे असतात. उरलेले निम्मे अशा लोकांचे, ज्यांचं दुकान किंवा रिक्षा तेव्हा महिनोन्महिने बंद होती आणि ज्यांना शेजारच्या घरातला पगार चालू दिसत होता. दोघांचंही विचारणं मला रास्त वाटतं, म्हणून उत्तरं दोघांसाठी एकत्र लिहिली आहेत.

प्रश्न १. तिजोरीत खडखडाट झाला की सरकार आधी पगारालाच हात का घालतं?

कारण बाकीचे मोठे खर्च जागचे हलत नाहीत. महाराष्ट्राच्या महसुली जमेतली निम्म्याहून जास्त रक्कम वेतन, निवृत्तिवेतन आणि कर्जावरचं व्याज या तीन गोष्टींत जाते. व्याज थकवलं तर पुढचं कर्ज मिळणं अवघड होतं. निवृत्तिवेतनाला न्यायालयांचं भक्कम संरक्षण आहे (प्रश्न १४ पाहा). मग हात घालायला उरतात वेतन आणि विकासकामं.

एप्रिल २०२० मध्ये जमेचे सगळे नळ एकाच वेळी बंद झाले. बाजार बंद म्हणून जीएसटी नाही, नोंदणी कार्यालयं बंद म्हणून मुद्रांक शुल्क नाही, दारूची दुकानं बंद म्हणून उत्पादन शुल्क नाही, गाड्या उभ्या म्हणून पेट्रोल-डिझेलवरचा व्हॅट नाही. पगार मात्र दर महिन्याच्या एक तारखेला दारात उभा.

तरीही त्या वर्षी सगळ्यात मोठा घाव पगारावर बसला नाही, हे लोक विसरतात. ४ मे २०२० च्या शासन निर्णयाने वित्त विभागाने बहुतेक विभागांना अर्थसंकल्पातल्या तरतुदीच्या ३३ टक्केच निधी मिळेल असं कळवलं. नवी कामं थांबवली आणि आरोग्यासारखे अपवाद वगळता नवी भरतीही थांबवली. रस्ते, बंधारे, शाळाखोल्या आणि बेरोजगार तरुण यांनी जो भार उचलला, तो कोणाच्या पगारचिठ्ठीवर दिसत नाही.

प्रश्न २. वेतनकपात, वेतन टप्प्यांत देणं आणि भत्ता गोठवणं हे सगळं एकच ना?

मुळीच नाही. पुढचं सगळं या फरकावरच उभं आहे.

कपात म्हणजे रक्कम कायमची गेली. टप्प्यांत देणं म्हणजे रक्कम तुमचीच आहे, फक्त आज अर्धी आणि उरलेली नंतर. ती सरकारवरचं देणं म्हणून उभी राहते. गोठवणं म्हणजे आज मिळतंय ते चालू राहील, पण जी वाढ व्हायची होती ती होणार नाही. गोठवलेल्या काळाची थकबाकी देणार की नाही, ते आदेशात वेगळं लिहिलेलं असतं. तिथे ‘अनुज्ञेय राहणार नाही’ असे शब्द असतील तर आशा धरू नका. ‘स्वतंत्रपणे आदेश निर्गमित करण्यात येतील’ असं असेल तर दार किलकिलं आहे.

बातमीचा मथळा वाचून घाबरू नका आणि खूशही होऊ नका. शासन निर्णय उघडा आणि त्यातलं क्रियापद शोधा. ‘कपात’, ‘प्रदान’ (म्हणजे रक्कम देणं), ‘स्थगित’ आणि ‘पुढे ढकलणे’ या चार शब्दांचे हिशेब चार प्रकारचे असतात.

प्रश्न ३. मार्च २०२० च्या पगाराचं महाराष्ट्रात नेमकं काय झालं होतं?

३१ मार्च २०२० ला तेव्हाचे उपमुख्यमंत्री आणि अर्थमंत्री अजित पवार यांनी घोषणा केली. पहिल्या दिवशी ती ‘कपात’ म्हणूनच सगळीकडे पोहोचली आणि संघटनांमध्ये मोठी खळबळ उडाली. मग खुलासा झाला की कपात नाही, मार्चचं वेतन दोन टप्प्यांत मिळेल. पहिल्या टप्प्यात मुख्यमंत्री, मंत्री, आमदार आणि स्थानिक संस्थांचे लोकप्रतिनिधी यांना ४० टक्के, ‘अ’ आणि ‘ब’ गटातल्या अधिकाऱ्यांना ५० टक्के, ‘क’ गटाला ७५ टक्के आणि ‘ड’ गटाला पूर्ण १०० टक्के, अशी ती रचना होती.

या उतरंडीचं मला आजही कौतुक वाटतं. शिपाई, सफाई कामगार, पहारेकरी यांच्या घरात महिन्याचा पगार महिन्यातच संपतो. त्यांना हात न लावता वरून सुरुवात करणं हे योग्यच होतं. घोषणेतला गोंधळ मात्र टाळता आला असता. ‘कपात’ आणि ‘टप्पे’ यांतला फरक एका दिवसाने सांगितला गेला, आणि त्या एका दिवसात कित्येकांनी घरकर्जाच्या हप्त्यासाठी बँकेत विचारणा सुरू केली होती.

प्रश्न ४. महागाई भत्ता गोठवल्यामुळे माझं नेमकं किती नुकसान झालं? हिशेब कसा करायचा?

२३ एप्रिल २०२० च्या आदेशाने केंद्राने १ जानेवारी २०२०, १ जुलै २०२० आणि १ जानेवारी २०२१ हे तीन हप्ते गोठवले. दर १७ टक्क्यांवर थांबला आणि १ जुलै २०२१ पासून एकदम २८ टक्के झाला. राज्याचा दरही १७ वरच अडकला आणि नंतर २८ वर गेला.

गोठवलं नसतं तर दर आधी २१, मग २४ आणि मग २८ झाला असता. म्हणजे पहिले सहा महिने ४ टक्के, पुढचे सहा महिने ७ टक्के आणि शेवटचे सहा महिने ११ टक्के कमी मिळाले. ४० हजार मूळ वेतन धरा:

- जानेवारी ते जून २०२०: दरमहा १,६०० प्रमाणे ९,६०० रुपये
- जुलै ते डिसेंबर २०२०: दरमहा २,८०० प्रमाणे १६,८०० रुपये
- जानेवारी ते जून २०२१: दरमहा ४,४०० प्रमाणे २६,४०० रुपये

एकूण ५२,८०० रुपये. सोपी रीत हवी असेल तर मूळ वेतनाला १.३२ ने गुणा. वेतनवाढ मध्ये आली असेल तर त्या महिन्यापासून नवं मूळ वेतन घ्या.

पण हिशेब इथे संपत नाही. राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेतल्या कर्मचाऱ्याची वर्गणी मूळ वेतन अधिक महागाई भत्ता यांवर ठरते. सरकारचा वाटा १४ टक्के आहे. ५२,८०० वर तो ७,३९२ रुपये होतो. तेवढी रक्कम खात्यात पडलीच नाही, आणि तिच्यावर पुढे वीस-पंचवीस वर्षं जी वाढ झाली असती तीही नाही. शिवाय महागाई भत्ता २५ टक्क्यांच्या पुढे गेला की घरभाडे भत्त्याचे दर (शहराच्या वर्गानुसार) २४, १६, ८ वरून २७, १८, ९ टक्के होतात असा नियम होता. भत्ता २८ टक्के जानेवारीऐवजी जुलै २०२१ मध्ये झाला, म्हणून ती वाढही सहा महिने लांबली. ‘फक्त महागाई भत्ता गोठवला’ असं म्हणताना ही साखळी कोणी सांगत नाही.

प्रश्न ५. मग त्या १८ महिन्यांची थकबाकी मिळणार का?

केंद्राच्या आदेशातच थकबाकी दिली जाणार नाही असं स्पष्ट लिहिलेलं होतं. नंतर संसदेत हा प्रश्न अनेकदा विचारला गेला आणि थकबाकी देणं व्यवहार्य नाही असंच उत्तर आलं. वाचलेली रक्कम सरकारने ३४,४०२.३२ कोटी रुपये सांगितली आहे. समाजमाध्यमांवर दर दिवाळीआधी ‘थकबाकी मंजूर’ असे संदेश फिरतात. वित्त मंत्रालयाचा आदेश हातात येईपर्यंत त्यावर एक रुपयाचं कर्जही काढू नका.

सातव्या वेतन आयोगाची थकबाकी ही वेगळी गोष्ट आहे. राज्यात आयोग १ जानेवारी २०१६ पासून लागू झाला, प्रत्यक्ष लाभ २०१९ मध्ये आला, आणि मधल्या काळाची थकबाकी पाच वार्षिक हप्त्यांत द्यायची ठरली. २०२० चा दुसरा हप्ता वर्षभर पुढे ढकलला गेला. तो पुढे ढकलला होता, रद्द केला नव्हता, म्हणून नंतर मिळाला. प्रश्न २ मधला फरक असा खिशापर्यंत येतो.

प्रश्न ६. सरकार मनात येईल तेव्हा पगार कापू शकतं का? न्यायालय काय म्हणतं?

नुसत्या प्रशासकीय आदेशाने नाही. वेतन ही सरकारची मेहेरबानी नाही, केलेल्या कामाचा तो हक्क आहे, आणि राज्यघटनेचं कलम ३००-अ सांगतं की कायद्याच्या आधाराशिवाय कोणाची मालमत्ता काढून घेता येत नाही.

केरळमध्ये २०२० मध्ये दरमहा सहा दिवसांचा पगार असा पाच महिने रोखायचा आदेश निघाला. उच्च न्यायालयाने २८ एप्रिलला त्याला स्थगिती दिली, कारण आदेशामागे कायदा नव्हता. मग सरकारने वटहुकूम काढला आणि आपत्तीच्या काळात २५ टक्क्यांपर्यंत वेतन पुढे ढकलण्याचा अधिकार घेतला. तेलंगणातही आधी आदेश आणि मग वटहुकूम असाच क्रम झाला.

आंध्र प्रदेशाचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. तिथे मार्च-एप्रिल २०२० चं वेतन आणि निवृत्तिवेतन अंशतः रोखलं होतं. उच्च न्यायालयाने १२ टक्के व्याजाने परत द्यायला सांगितलं. ८ फेब्रुवारी २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने व्याज ६ टक्क्यांवर आणलं, पण तत्त्व कायम ठेवलं: कर्मचाऱ्याने काम केलं आहे, पैसे वेळेवर मिळणं हा त्याचा हक्क आहे, आणि सरकारने ते वापरले तर व्याज द्यावं. तिजोरी रिकामी होती म्हणून उशीर समजून घेता येईल, पण उशिराची किंमत कर्मचाऱ्याने मोजू नये, असा त्याचा साधा अर्थ मी लावतो.

प्रश्न ७. ‘आर्थिक आणीबाणी’ लावली तर?

कलम ३६० खाली राष्ट्रपती ती जाहीर करू शकतात. मग राज्यांनाही वेतन-भत्ते कमी करायला सांगता येतं, आणि सर्वोच्च व उच्च न्यायालयांच्या न्यायाधीशांचं वेतनही त्यात येतं. एरवी न्यायाधीशांच्या वेतनाला घटनेचं खास संरक्षण असतं. जाहीरनाम्याला दोन महिन्यांत संसदेची मंजुरी लागते. भारतात आर्थिक आणीबाणी आजवर एकदाही लागलेली नाही, कोरोनाकाळातही नाही.

प्रश्न ८. आमदार, खासदार, मंत्री यांनी काही सोडलं का?

हो, आणि त्यांच्या बाबतीत ती खरी कपात होती. ६ एप्रिल २०२० ला केंद्रीय मंत्रिमंडळाने वटहुकमाला मंजुरी देऊन खासदारांचं वेतन वर्षभरासाठी ३० टक्के कमी केलं आणि खासदार निधी दोन वर्षांसाठी थांबवायचं ठरवलं. राष्ट्रपती, उपराष्ट्रपती आणि राज्यपालांनी स्वतःहून तेवढीच कपात स्वीकारली. ९ एप्रिलला महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने आमदारांच्या वेतनात वर्षभर ३० टक्के कपातीचा निर्णय घेतला.

लोकप्रतिनिधींची संख्या पाहता यातून तिजोरीला फारसा हातभार लागत नाही. तरी मी याला महत्त्व देतो. वरच्या माणसाने आधी आपलं पान कमी वाढून घेतलं की पंगतीत बसलेल्यांना कमी वाढल्याचं दुःख कमी होतं. फक्त एक लक्षात ठेवा: वेतन कमी केलं म्हणजे भत्ते कमी झाले असं नाही. लोकप्रतिनिधींची प्राप्ती तपासताना वेतन, मतदारसंघ भत्ता, प्रवास सवलती आणि माजी सदस्यांचं निवृत्तिवेतन हे चारही रकाने वेगवेगळे पाहा.

प्रश्न ९. इतके भत्ते असतात. त्यातला कोणता खरा आणि कोणता फुगवटा, हे ओळखायचं कसं?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त आवडतो, म्हणून उत्तर लांब देतो.

केंद्रात सातव्या वेतन आयोगाने १९७ भत्ते तपासले. त्यातले ५३ रद्द करावेत आणि ३७ दुसऱ्या भत्त्यांत विलीन करावेत अशी शिफारस केली. मग केंद्राचे तेव्हाचे वित्त सचिव अशोक लवासा यांच्या समितीने त्या शिफारशी पुन्हा तपासल्या, आणि जून २०१७ मध्ये मंत्रिमंडळाने ५३ पैकी १२ भत्ते रद्द न करण्याचं ठरवलं. त्यातला एक सायकल भत्ता. कागदावर पाहिलं तर सायकल भत्ता हास्यास्पद वाटेल. पण पोस्टमन आणि रेल्वेचे ट्रॅकमन खरोखर सायकलवर फिरतात. म्हणून तो त्यांच्यासाठी ठेवला, आणि दर महिन्याला ९० रुपयांचा १८० केला. छोट्या कुटुंबाचा पुरस्कार म्हणून दिला जाणारा कुटुंबनियोजन भत्ता मात्र बंद झाला, कारण त्याचं काम संपलं होतं.

तपासणी अशी हवी. भत्त्याच्या नावावर जायचं नाही. तीन गोष्टी विचारायच्या. हा भत्ता कोणत्या खर्चाची किंवा कोणत्या त्रासाची भरपाई आहे? तो खर्च किंवा त्रास आज आहे का? आणि दर शेवटचा कधी बदलला?

तिसरा प्रश्न दोन्ही बाजूंनी कापतो. आपल्याकडे आदिवासी आणि नक्षलग्रस्त भागात काम करणाऱ्यांना ६ ऑगस्ट २००२ च्या शासन निर्णयाने एकस्तर (म्हणजे एक पायरी वरची) वेतनश्रेणी आणि मूळ वेतनाच्या १५ टक्के प्रोत्साहन भत्ता मिळू लागला. त्याची किमान मर्यादा २०० आणि कमाल १,५०० रुपये ठेवली होती. गडचिरोलीतल्या भामरागडला किंवा एटापल्लीला पावसाळ्यात नाले भरले की बाहेरचा रस्ता तुटतो. तिथे जाणाऱ्या नर्सला १,५०० रुपये जास्त मिळतात म्हणून कोणी ‘भत्त्यांची खैरात’ म्हणत असेल तर त्याने एक पावसाळा तिथे काढावा.

उलट उदाहरण उत्तर प्रदेशाचं. एप्रिल २०२० मध्ये तिथे महागाई भत्त्याबरोबर आणखी सहा भत्ते आधी स्थगित केले आणि मे महिन्यात रद्दच केले. त्यात आपल्याकडे ज्याला स्थानिक पूरक भत्ता म्हणतात तो होता, सचिवालय भत्ताही होता. मंत्रालयासारख्या ठिकाणी काम करतो एवढ्याच कारणासाठी वेगळा भत्ता कशाला, हा प्रश्न रास्त आहे. पण तो संकट यायच्या आधी, शांतपणे, कर्मचाऱ्यांना ऐकून घेऊन सोडवायला हवा होता. संकटात स्थगिती द्यायची आणि तीन आठवड्यांत ती कायमची करायची, याने विश्वास तुटतो.

प्रश्न १०. गावातले गुरुजी शहरात राहतात आणि गावाचा घरभाडे भत्ता घेतात. हे चालतं का?

मुख्यालयी, म्हणजे नेमणुकीच्या गावी, राहण्याची अट आहे, आणि ग्रामसभेच्या ठरावाचा पुरावाही मागितला गेला आहे. खोटा दाखला जोडून भत्ता घेणं चूक आहे. तिथे वसुली व्हायला हरकत नाही.

पण दुसरी बाजूही आहे. कित्येक गावांत भाड्याने घर मिळत नाही, आणि ग्रामपंचायत किंवा जिल्हा परिषद निवासस्थान बांधत नाही. ज्या गावात राहण्याजोगी खोली आहे आणि तरी कर्मचारी राहत नाही, ते प्रकरण वेगळं. जिथे खोलीच नाही, तिथे अट घालणाऱ्याने आधी सोय दाखवावी. सरसकट घरभाडे भत्ता बंद करा ही मागणी मला पटत नाही. तसंच सरसकट अट काढून टाका हेही पटत नाही, कारण दवाखान्यातल्या बाळंतपणाला रात्री दोनला माणूस लागतो.

प्रश्न ११. अनुदानित शाळा, महापालिका, एसटी यांनाही हेच आदेश लागू होतात का?

आपोआप नाही. जिल्हा परिषद आणि अनुदानित शाळांचं वेतन राज्याच्या अनुदानातून येतं, त्यामुळे तिथे राज्याचे आदेश बहुधा जसेच्या तसे लागू केले जातात. महापालिकेला आपल्या सभेचा किंवा प्रशासनाचा वेगळा निर्णय लागतो, म्हणून शेजारशेजारच्या दोन शहरांत महागाई भत्त्याचा दर वेगळा दिसू शकतो.

एसटीचं दुःख सगळ्यात मोठं. एसटी कर्मचारी महामंडळाचे, राज्य शासनाचे नाहीत. टाळेबंदीत गाड्या उभ्या राहिल्या, तिकिटाचं उत्पन्न आटलं आणि पगार महिनोन्महिने रखडले. ज्या चालक-वाहकांनी तेव्हा परप्रांतीय मजुरांना राज्याच्या सीमेपर्यंत सोडलं, तेच उसनवारीवर घर चालवत होते. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस संप पेटला. मुख्य मागणी राज्य शासनात विलीनीकरणाची. २४ नोव्हेंबरला मूळ वेतनात सेवाकाळानुसार ५,०००, ४,००० आणि २,५०० रुपयांची वाढ जाहीर झाली. विलीनीकरण मात्र त्रिसदस्यीय समितीने नाकारलं. एप्रिल २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने २२ तारखेपर्यंत कामावर हजर व्हायला सांगितलं. ‘सरकारी नोकर’ म्हणून एकाच शब्दात सगळ्यांना मोजणाऱ्यांनी हे साडेपाच महिने आठवावेत.

प्रश्न १२. पगारावर किती खर्च होतो हे मला स्वतः पाहायचं आहे. कुठे पाहू?

राज्याच्या अर्थसंकल्पाची पुस्तकं वित्त विभागाच्या संकेतस्थळावर असतात. त्यात प्रत्येक योजनेखाली खर्चाची उद्दिष्टशीर्षं, म्हणजे पैसा कशावर गेला ते सांगणारे क्रमांक, दिलेली असतात. ‘०१ वेतन’ हे सगळे पाहतात आणि तिथेच थांबतात. इथेच चूक होते. अनुदानित शाळांच्या शिक्षकांचा पगार ‘०१’ मध्ये नसतो. तो ‘३६ सहायक अनुदाने (वेतन)’ मध्ये असतो. बाह्यस्रोताने घेतलेली माणसं ‘१० कंत्राटी सेवा’ मध्ये सापडतात. अधिकाऱ्यांचे दौरे ‘११ देशांतर्गत प्रवास खर्च’ मध्ये. निवृत्तिवेतन तर वेगळ्याच मुख्य लेखाशीर्षात, २०७१ खाली.

एक रकाना कमी झाला म्हणजे काटकसर झाली असं लगेच धरू नका. ‘०१’ उतरलं आणि त्याच विभागात ‘१०’ चढलं असेल, तर माणसं तीच, फक्त पगार कमी आणि हमी नाही. अर्थसंकल्पी अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च हे तीन आकडे शेजारी ठेवून वाचा. प्रत्यक्ष खर्च दोन वर्षांनी येतो. थांबायची तयारी ठेवा. नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा (कॅगचा) राज्याच्या वित्तव्यवस्थेवरचा अहवाल विधिमंडळात मांडला जातो, तोही सोबत घ्या.

प्रश्न १३. एखाद्या अधिकाऱ्याचा पगार माहितीच्या अधिकारात मागता येतो का?

पदाचा पगार मागावाच लागू नये. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४(१)(ख) मध्ये प्रत्येक अधिकारी-कर्मचाऱ्याचं मासिक वेतन कार्यालयाने स्वतःहून प्रसिद्ध करायचं आहे. पण व्यक्तीचं आयकर विवरणपत्र, कर्जं, मालमत्ता, शिस्तभंगाच्या नोटिसा ही खासगी माहिती आहे असं सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये गिरीश देशपांडे प्रकरणात सांगितलं. तुमचा रोख पदावर आणि सार्वजनिक पैशावर ठेवा. शेजाऱ्याशी बांधावरून भांडण आहे म्हणून त्याच्या पगाराचा अर्ज करू नका.

प्रश्न १४. संकटात निवृत्तिवेतनही थांबवता येतं का?

सर्वोच्च न्यायालयाने १९७१ च्या देवकीनंदन प्रसाद आणि १९८२ च्या नाकारा या निकालांपासून निवृत्तिवेतन हा हक्क मानला आहे, बक्षिसी नाही. आंध्रच्या निकालात (प्रश्न ६) रोखलेल्या निवृत्तिवेतनावरही व्याज द्यावं लागलं. निवृत्तिवेतनावरची महागाई वाढ मात्र गोठवता येते, आणि तीही १८ महिने गोठली होती.

प्रश्न १५. मी नेमका त्या गोठवलेल्या काळात निवृत्त झालो. माझी ग्रॅच्युइटी कायमची कमी झाली का?

हा फार दुखरा प्रश्न होता. ग्रॅच्युइटी आणि रजा रोखीकरण (शिल्लक रजेचे पैसे) शेवटचं मूळ वेतन अधिक महागाई भत्ता यांवर ठरतं. १७ टक्क्यांवर निवृत्त झालेल्याला पुढे दर २८ झाला तरी काही उपयोग नव्हता. केंद्राने ही चूक दुरुस्त केली. सप्टेंबर २०२१ च्या आदेशाने १ जानेवारी २०२० ते ३० जून २०२१ या काळात निवृत्त झालेल्या केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी काल्पनिक दर धरायला सांगितले: पहिल्या सहामाहीत निवृत्त झालेल्यांना २१, दुसरीत २४ आणि तिसरीत २८ टक्के. केंद्रातून निवृत्त झाला असाल तर आपला ग्रॅच्युइटीचा आदेश काढून दर तपासा, आणि फरक मिळाला नसेल तर आदेशाची प्रत जोडून कार्यालयाला लेखी अर्ज करा. नोकरीत असताना निधन झालेल्यांच्या कुटुंबांनी हे आवर्जून पाहावं. त्यांच्या वतीने पाहणारं सहसा कोणी नसतं.

प्रश्न १६. याआधी कधी असं झालं होतं का?

१९७४ मध्ये. महागाई भडकली होती, आणि बाजारात पैसा कमी यावा म्हणून केंद्राने आधी वटहुकूम आणि मग अतिरिक्त वेतन (सक्तीची ठेव) कायदा आणला. वेतनातली पूर्ण वाढ आणि वाढलेल्या महागाई भत्त्यातला निम्मा भाग कर्मचाऱ्याच्या नावावर सक्तीने ठेवला गेला. विरोध जोरात झाला. पण ती ठेव होती, व्याजासह हप्त्यांनी परत करायची होती, आणि त्यामागे संसदेचा कायदा होता. २०२० मध्ये गोठवलेला भत्ता कोणाच्या नावावर जमा झाला नाही. जुने कर्मचारी ‘आमचं तरी परत मिळालं’ म्हणतात ते याच अर्थाने.

प्रश्न १७. थकबाकी एकदम मिळाली आणि कर जास्त बसला. काय करू?

मार्च २०२६ पर्यंतच्या उत्पन्नाला १९६१ च्या आयकर कायद्यातल्या कलम ८९ खाली सवलत मिळते. विवरणपत्र भरण्याआधी फॉर्म १०-ई ऑनलाइन भरा. तो न भरता सवलत मागितली की नोटीस येते. भविष्य निर्वाह निधीत जमा झालेली थकबाकीही जमा झालेल्या वर्षी उत्पन्नात धरली जाते, हातात रोख आली नसली तरी.

प्रश्न १८. पडताळणीत माझी जुनी वेतननिश्चिती चुकल्याचं निघालं आणि आता वसुली लावली आहे. ती थांबवता येते का?

पैशांची चणचण असली की जुन्या सेवापुस्तकांवरची धूळ झटकली जाते आणि वेतन पडताळणी पथकाचे आक्षेप एकदम अंगावर येतात. २०१४ च्या रफिक मसीह निकालात सर्वोच्च न्यायालयाने काही प्रकारची वसुली करू नये असं सांगितलं. ‘क’ आणि ‘ड’ गटातल्यांकडून, निवृत्त झालेल्यांकडून किंवा वर्षभरात निवृत्त होणाऱ्यांकडून, आणि वसुलीचा आदेश निघण्याआधी पाच वर्षांहून अधिक काळ जादा रक्कम मिळत होती अशा प्रकरणांत ती करू नये. कर्मचाऱ्याने स्वतः काही लपवलं नसेल आणि चूक कार्यालयाची असेल, तर हा निकाल तुमच्या बाजूने आहे.

आता अपवाद. वेतननिश्चितीच्या वेळी ‘जादा रक्कम निघाल्यास परत करीन’ असं हमीपत्र तुम्ही दिलं असेल, तर २०१६ च्या जगदेव सिंग निकालाचा आधार घेऊन वसुली कायम राहू शकते. ते प्रकरण अधिकाऱ्याचं होतं, त्यामुळे ‘क’ आणि ‘ड’ गटातल्यांनी हमीपत्र दिलं असलं तरी आपली बाजू मांडायची सोडू नये. आधी सेवापुस्तकातली ती पानं झेरॉक्स करून घ्या, हमीपत्रावरची तारीख आणि आपला गट पाहा, आणि वसुलीचा पहिला हप्ता पगारातून जायच्या आधी आहरण व संवितरण अधिकाऱ्याकडे (पगाराचं बिल काढणाऱ्या अधिकाऱ्याकडे) लेखी आक्षेप देऊन पोच घ्या. पोच नसलेला अर्ज पुढे कोणी ओळखत नाही.